लाल बावट्याच्या गणात गणपती का नव्हता?

तमाशाचा क्रम आपल्याला माहीत आहे: गण, गवळण, बतावणी, मग वग. गणात गणपतीला आळवल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी नेमका इथेच हात घातला. गणात गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवाजी महाराज आले. गवळणीला तर त्यांनी रजाच दिली.

आता समोर बसलेला प्रेक्षक बघा. परळ-लालबागचा गिरणी कामगार, ज्याच्या लालबागेत १९३४ पासून राजा बसतो. हा माणूस काही नास्तिक नव्हता. मग त्याला हे चाललं कसं? मला वाटतं, गण अण्णाभाऊंनी रद्द केला नाही, म्हणून. ढोलकी-तुणतुणं तेच, सुरुवातीचं वंदन तसंच. फक्त वंदन कुणाला, ते बदललं. म्हणजे धर्म रंगमंचावरून गेला असं म्हणू नका, भक्ती देशाकडे वळली. तिथे धोकाही आहे, कारण वंदन केलं की प्रश्न विचारणं अवघड जातं. पण अण्णाभाऊ वंदनावर थांबत नसत. पुढच्या वगात मालक, सावकार, पुढारी यांची झडती असेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेलं ‘माझी मुंबई’ मुंबई कुणाची हेच विचारतं.