मुक्या स्पीकरांना पुन्हा वाचा

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या घरांत प्रथम संगणक आला, त्या घरांत त्याच्यासमवेत दोन लहान स्पीकरही आले. संगणक केव्हाच भंगारात गेला. स्पीकर मात्र माळ्यावर पडून राहिले, किंवा जुन्या बाजारात जाऊन बसले. आज ते अल्प किमतीस मिळतात. त्यांचे लोहचुंबक वजनदार असते, आणि चांगल्या जोडीचा आवाज मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकराहून कितीतरी भरीव असतो. उणीव बहुधा एकच असते : त्यांना वीज पुरविणारा अडॅप्टर जळालेला असतो, नाही तर हरवलेला. एवढ्या एका उणिवेपायी चांगली वस्तू मुकी ठरते. ती पुन्हा बोलती कशी करावी, आणि ते करताना घरातील माणसे सुरक्षित कशी राहावी, याविषयी आज आम्ही वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो.

स्पीकरची मूळ रचना साधी आहे. लोहचुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते आणि ती कागदी शंकूला जोडलेली असते. गुंडाळीतून प्रवाह वाहू लागला की ती मागेपुढे हलते, शंकू हवेला ढकलतो, आणि आपणांस आवाज ऐकू येतो. अमेरिकेतील राइस व केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली या जातीचा स्पीकर जगापुढे मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच वंशातले. लोहचुंबक झिजत नाही, आणि तारही सहसा झिजत नाही. अडॅप्टरची गोष्ट निराळी. तो दिवसरात्र भिंतीवरच्या बोर्डात अडकलेला, २३० व्होल्टचा मार सोसणारा आणि सदा कोमट. म्हणूनच पेटी धडधाकट असता अडॅप्टर आधी मरतो.

भोपाळ शहराच्या बाग सेवनिया भागातील एका मराठी कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. घरातील आजोबा निवर्तले होते. त्यांनी गायिलेली भक्तिगीते नातवाने जुन्या कॅसेटवरून मोबाईलमध्ये उतरवून घेतली. परंतु आजींना ऐकू कमी येत असल्यामुळे त्या आवाजाचा त्यांना काही उपयोग होईना. नवे मोठे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. नातू जुन्या बाजारात गेला आणि दोनशे रुपयांस स्पीकरांची एक जोडी घेऊन आला. अडॅप्टर नव्हताच. विक्रेत्याने ढिगाऱ्यातून एक काढून दिला व म्हणाला, पिन बसते आहे, लावून टाक.

पिन खरोखरच बसत होती. सुदैवाने शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक वीजकारागीर राहत होते. या भागाला लागूनच अवजड विद्युत उपकरणांचा तो मोठा कारखाना आहे, जो पंडित नेहरूंनी १९६० च्या नोव्हेंबरात राष्ट्राला अर्पण केला आणि जेथे प्रचंड ट्रान्सफॉर्मर घडतात; त्यामुळे अशी जाणती माणसे तेथे शोधावी लागत नाहीत. “काका, एवढे लावून बघू का?” असे नातवाने विचारले. काकांनी अडॅप्टर बाजूला ठेवला, स्पीकर उलटा केला आणि पाठीमागील बारीक अक्षरे मोठ्याने वाचली : “१२ व्होल्ट, ए.सी., १ अँपिअर.” मग अडॅप्टरवरील अक्षरे वाचली : “१२ व्होल्ट, डी.सी.” ते म्हणाले, “बाळ, भोक जुळले; वीज जुळली नाही.”

या एका वाक्यात सारे शास्त्र आले आहे. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असे मुळीच नव्हे. एकाच मापाच्या पिनेतून ५ व्होल्टही येतात आणि २४ व्होल्टही. सबब चार गोष्टी अक्षरे वाचूनच पडताळाव्या.

पहिली, व्होल्ट. हा आकडा तंतोतंत तोच हवा. जास्त झाल्यास आतील भाग जळतात. कमी पडल्यास आवाज फाटतो.

दुसरी, प्रवाहाची जात. डी.सी. म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, ए.सी. म्हणजे दिशा पालटणारा, आपल्या देशात सेकंदास ५० आवर्तने करणारा. जुन्या स्पीकरांपैकी काही ए.सी. मागतात, कारण त्यांच्या पोटात ए.सी.पासून धन आणि ऋण असे दोन पुरवठे बनविण्याची सोय असते. अशा पेटीला डी.सी. दिल्यास एकच बाजू भरते, दुसरी उपाशी राहते, आणि स्पीकरच्या गुंडाळीतून अखंड प्रवाह वाहून ती जळण्याची भीती असते. उलट, डी.सी. मागणाऱ्या पेटीला ए.सी. देणे हेही तितकेच घातक.

तिसरी, अँपिअर. येथे मात्र जास्त चालते, कमी चालत नाही. १ अँपिअर मागणाऱ्याला २ अँपिअरचा अडॅप्टर खुशाल द्यावा. पेटी आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. अर्ध्या अँपिअरचा दिल्यास तो तापून मरेल.

चौथी, डी.सी. असल्यास पिनेतील धन व ऋण यांची जागा. अडॅप्टरवर लहान वर्तुळाची खूण असते. आतल्या टिंबाशी अधिक चिन्ह असेल तर मधला भाग धन. पेटीवर आणि अडॅप्टरवर ही खूण एकच असली पाहिजे.

ए.सी. देणारे तयार अडॅप्टर आता सहज मिळत नाहीत. म्हणून काकांनी बाजारात ‘१२-०-१२’ या नावाने मिळणारा १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणविला. त्याला पुढच्या बाजूस तीन तारा असतात. मधली शून्याची तार आणि कडेची कोणतीही एक तार घेतली म्हणजे १२ व्होल्ट ए.सी. मिळतात, दोन्ही कडेच्या तारा घेतल्या तर २४ मिळतात आणि पेटीचा निकाल लागतो. म्हणून त्यांनी रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून मोजले, आणि न लागणाऱ्या तारेचे टोक नीट बंद केले. ट्रान्सफॉर्मर झाकणाच्या डबीत बसविला, मुख्य विजेच्या तारेत फ्यूज घातला, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढविली. प्रथम सारे काही सिरीज बोर्डावर, म्हणजे ओळीत पिवळा बल्ब ठेवून, लावले. कोठे शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता आणि पुढचा अनर्थ टळला असता. बल्ब भडकला नाही, तेव्हाच वीज सरळ जोडली. त्या संध्याकाळी आजींना गीते तर ऐकू आलीच, पण दोन गीतांच्या मध्ये आजोबा खाकरत, तेही ऐकू आले.

वाचकांनी एक मर्यादा मात्र ओळखावी. अक्षरे वाचणे आणि योग्य अडॅप्टर निवडणे हे कोणासही जमेल. २३० व्होल्टच्या बाजूचे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. नवा अडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण व नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. चार पैसे वाचविण्यासाठी हलका माल घेतल्यास त्यात घरघर येते, आणि प्रसंगी आगही लागते.

जुनी जोडी विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. अॅम्प्लिफायर नसलेल्या पेटीच्या दोन तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. ‘टक्’ असा आवाज झाला तर गुंडाळी जिवंत आहे. शंकूच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होत असेल, तर ती जोडी सोडून द्यावी. वीज मिळूनही सतत गुणगुण येत असेल, तर आतील कपॅसिटर वाळले असण्याचा संभव आहे. डोके फुगलेला कपॅसिटर बदलावा, आणि त्यावरील व्होल्टचा आकडा मूळच्याहून कमी नसावा. आवाज वाढविण्याचे बटण फिरविताना खरखर होत असेल, तर त्यात साचलेली धूळ काढण्याचा फवारा मिळतो.

परदेशातील आप्तांनी आणलेल्या जोडीविषयी विशेष सावध असावे. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची. केवळ तेवढ्यासाठीच केलेला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर लगेच जळतो. तेथेही पेटी निर्दोष असते; अडॅप्टर तेवढा येथला घ्यावा. तसेच पेटीवर ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून शेकडो वॅट छापलेले असतात, त्यांनी भुलू नये. १२ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे १२ वॅट. आत येते त्याहून अधिक शक्ती पेटी सतत कोठून देणार?

कोणी म्हणेल, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी खटपट कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला, आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातील बराचसा गरिबांच्या वस्त्यांत जातो. तेथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात, आणि तो धूर लेकरांच्या छातीत जातो. भोपाळ महानगरपालिकेने २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साहाय्याने असा कचरा गोळा करण्याचे ई-वेस्ट क्लिनिक प्रायोगिक तत्त्वावर काढले होते, ते याच चिंतेतून. जी वस्तू खरोखरच संपली आहे, ती रीतसर संकलन करणाऱ्यांकडेच द्यावी. पण जी केवळ मुकी झाली आहे, तिला कचरा म्हणू नये.

तेव्हा वाचकहो, माळ्यावरील जोडी खाली काढा, धूळ पुसा, आणि प्रथम तिच्या पाठीवरील अक्षरे वाचा. ती वाचता येत नसतील तर घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. त्यालाही व्होल्ट व अँपिअर यांचा धडा पुस्तकाबाहेर शिकावयास मिळेल. अक्षरे कळेपर्यंत पिन मात्र भोकात घालू नका.