वाघ न दिसणारं जंगल

मेळघाटात मुलांना घेऊन जाऊन आलेल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. वाघ दिसला का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. ताडोबाच्या सपाट जंगलात पाणवठ्याशी गाडी उभी केली की वाघ भेटायची बरीच शक्यता असते, तशी इथे नसते. सातपुड्याच्या या भागात डोंगराला डोंगर लागून आहेत, दऱ्या खोल आहेत, साग आणि बांबू दाट आहे. वाघ आहे, पण त्याला दडून राहायला हवी तेवढी जागाही आहे. अमरावतीत वाढलेली मी आधी लेक म्हणून, मग आई म्हणून आणि आता आत्या म्हणून चाळीसेक वर्षं या जंगलात जाते आहे. एवढ्या काळात आमच्या घरातल्या मुलांना मेळघाटानं जे दिलं, त्यातलं बरंचसं वाघ न दिसल्यामुळेच मिळालं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सहल म्हणजे चिखलदरा. मे महिन्यात अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला टेकला की बाबा रजा टाकायचे. एसटीनं परतवाडा, तिथे गाडी बदलायची, मग धामणगाव गढीवरून घाट. मोथ्याच्या आसपास खिडकीतून गार वारा आत यायचा आणि मागच्या बाकावरचे सगळे पोट्टे एकदम ओरडायचे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सननं 1823 मध्ये ही जागा इंग्रजांच्या नकाशावर आणली, असं पुस्तकांत असतं. गवळी आणि कोरकू तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. ज्या गडामुळे हा मुलूख ओळखला जातो, त्या गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं आहे.

गाविलगडावर आम्ही दिवसच्या दिवस काढायचो. आईनं दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली असायची. दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. दोन तोंडांचा हा पक्षी आधी कोणाला सापडतो, यावर भावंडांत पैज लागायची. बाबा इतिहास सांगायचे. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं भोसल्यांकडून हा किल्ला घेतला, आणि तोफा याच डोंगरांतून ओढत वर आणल्या होत्या. आम्ही ज्या चढावर धापा टाकत होतो, त्यावर तोफ कशी चढली असेल, हे बघायला धाकटा भाऊ मोठा दगड ढकलत वर न्यायला लागायचा. बाबा त्याला अडवायचे नाहीत. संध्याकाळी गवळ्यांकडची रबडी. चिखलदऱ्याच्या दुधाची आणि खव्याची चव अजूनही जिभेवर आहे, आणि ती तिथेच खावी. घरी आणली की तीच रबडी वेगळी लागते.

तेव्हा आम्हाला जंगल असं वेगळं दाखवलं जात नव्हतं. ते वाटेत असायचं. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी अकोट सोडल्यावर मेळघाटात शिरायची. एका सुट्टीत मामांकडे जाताना बाबांनी मुद्दाम त्या गाडीनं नेलं. धूळघाटाजवळ रूळ डोंगराला असा वळसा घालायचे की गाडी थोड्या वेळानं आपल्याच खालच्या रुळांवरून पुढे जायची. डब्यातली सगळी पोरं खिडक्यांना लटकलेली आणि आया त्यांना मागून धरून बसलेल्या. 2017 च्या सुरुवातीला अकोला ते अकोट रूळ रुंदीकरणासाठी बंद झाले आणि तो प्रवासही संपला. नवा ब्रॉडगेज मार्ग वाघांच्या जंगलातून न्यायचा की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद चालला. तो बाहेरून न्यावा, याच बाजूची मी आहे. तरीही ती गाडी बंद झाल्याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही.

मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत तो होता. आमच्या घरी मात्र हे फार उशिरा पोचलं. सेमाडोह आणि कोलकासला मुक्काम करायला आम्ही बरंच नंतर लागलो. सिपना नदी कोलकासच्या विश्रामगृहाखालून वळते. तिच्या काठी बसून बाबा आम्हाला गप्प राहायला शिकवायचे. अर्धा तास कोणी बोलायचं नाही, आणि मग काय काय ऐकलं ते सांगायचं. सुरुवातीला आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. मग भेकराचं भुंकणं, वानरांचा खाकरा, रानकोंबड्याची बांग, पलीकडच्या गावातल्या गुरांच्या लाकडी घंटा.

त्या घंटांच्या गावांत आम्ही कधी गेलो नव्हतो. सगळ्या मागोव्यात मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकूंची लहान मुलं कुपोषणानं आणि साध्या आजारांनी दगावत होती. एका पावसाळ्यात किती गेली, याचे आकडे रोज छापून येत होते. ज्या रस्त्यांनी आम्ही रबडी खायला गेलो, त्याच रस्त्यांच्या आत ती गावं होती. पावसाळ्यात नाले भरले की त्यांचा जगाशी संबंध तुटायचा, दवाखाना चाळीस-चाळीस किलोमीटरवर. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला ऐंशीच्या दशकापासून राहत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. आशिष सातव धारणीजवळ उतावलीला काम करू लागले. या माणसांची नावं अमरावतीत सगळ्यांना माहीत झाली. आमच्या सहलींच्या गप्पांत मात्र ती अनेक वर्षं आली नाहीत.

मला स्वतःची मुलं झाल्यावर मी ठरवलं की ती जंगल पाहतील तर माणसांसकट पाहतील. हे बोलायला सोपं आहे. शहरातून गाडी करून यायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून पोरांना घर दाखवायचं, यात एक ओशाळवाणेपण असतं, आणि ते असायलाच हवं. म्हणून काम असल्याशिवाय गावात जायचं नाही, असं आम्ही ठरवलं. काम मिळालं ते मोहाचं. सेमाडोहच्या बाजूच्या एका गावात एक कोरकू मावशी ओळखीच्या झाल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि उजाडायच्या आत वेचायला लागतात, नाहीतर गुरं आणि अस्वलं आधी येतात. पहाटे साडेचारला आम्ही त्यांच्यामागून निघालो. झाडाखाली फिकट पिवळी, रसानं टपोरलेली फुलं पडलेली होती. प्रत्येकाच्या मध्ये एक बारीक भोक, आत चिकट गोडवा. माझी लेक पहिली दहा फुलं खाऊनच बसली. मावशींची नात तिच्याहून लहान, पण तिची टोपली अर्धी भरली होती. दोन्ही हात एकदम चालत होते आणि नजर पुढच्या फुलावर. घरी आल्यावर फुलं अंगणात पसरली. दुपारपर्यंत त्यांचा रंग तांबूस व्हायला लागला. वाळली की ती विकायची, काही घरात ठेवायची. मावशी सांगत होत्या की झाडाखालचा पाला आधी जाळून जागा साफ करतात, आणि तीच आग कधी जंगलात पसरते. आपण हे करत नाही, झाडून घेतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मुलीनं तो पाला कसा झाडायचा तेही विचारून घेतलं.

कोरकू गावात घरांच्या दोन लांब ओळी समोरासमोर असतात आणि मधे रुंद रस्ता. कुडाच्या भिंती शेणामातीनं सारवलेल्या. होळीच्या दिवसांत याच गावांतली पोरं-बायका रस्त्यावर आडवी येऊन फगवा मागतात. गाडीतल्या शहरी माणसांना ती अडवणूक वाटते. आमच्या मुलांना ती सणाची रीत म्हणून कळली, कारण अडवणाऱ्यांपैकी एका जणानं त्यांच्याबरोबर मोह वेचला होता.

माणसांसारखेच पक्षीही मुलांना भेटले. 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. एकोणिसाव्या शतकानंतर हा पक्षी कोणाच्या नजरेला पडल्याची खात्रीची नोंद नव्हती, तो संपला असं मानलं जात होतं. पुढे मेळघाटातही त्याची ठिकाणं सापडली. घुबडांच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो, म्हणजे मुलांना रात्र न जागता दिसू शकतो. मुलगा आठवीत असताना आम्ही तो पाहिला. सागाच्या उघड्या फांदीवर मुठीएवढा पक्षी, छातीवर तपकिरी पट्टे, शेपूट एका बाजूला झटकत बसलेला. वाटाड्या दादा कुजबुजत म्हणाला, हा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मुलानं वहीत तारीख, वेळ आणि झाड लिहून घेतलं. त्याच सहलीत नाल्याकाठी अस्वलाची विष्ठा दिसली. काडीनं उकरल्यावर त्यात तेंदूच्या चपट्या, चकचकीत बिया, वाळवीची डोकी आणि माती निघाली. अस्वलानं काय खाल्लं आणि कुठून आलं, हे त्यानं एका ढिगावरून जवळजवळ बरोबर सांगितलं. समोर वाघ असता तर त्या ढिगाकडे कोणी पाहिलंही नसतं.

दरम्यान, 2001 पासून, कोहा, कुंड आणि बोरी ही गावं जंगलाच्या गाभ्यातून उठवून अकोटच्या मैदानाकडे वसवली गेली. पुढे आणखी गावं गेली. उठलेल्या गावांच्या जागी आता गवत वाढलं आहे, तिथे चितळ आणि गवे चरतात, आणि हे जंगलासाठी चांगलं आहे. गेलेल्यांतल्या काहींना शेती, पैसा, शाळा मिळाली, काहींना मैदानातलं ऊन आणि रोजंदारी. मुलांना दोन्ही सांगावं लागतं. एकच सांगितलं तर ते खोटं होतं.

2010 नंतर सहलीची पद्धत झपाट्यानं बदलली. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये नव्या नियमांसह पुन्हा परवानगी दिली. तेव्हापासून ऑनलाइन आरक्षण, ठरलेली फाटकं, ठरलेल्या वेळा, जिप्सी. नियम हवेतच. पण मुलांसाठी जंगल गाडीच्या चौकटीतून दिसणारी गोष्ट झाली, त्याचं मला वाईट वाटतं. तीन तास मुलाला बसायला लावायचं आणि वाघाच्या आशेवर जागं ठेवायचं. तो दिसला नाही की पैसे वाया गेले, हे आईवडिलांचं बोलणं मूल ऐकतं, आणि सांबर, गवा, भेकर, सगळंच कमी दर्जाचं ठरतं. चिखलदऱ्यात तर पावसाळ्याच्या रविवारी गाड्यांची रांग घाटात खालपर्यंत येते. गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्ये सुमारे 400 मीटरचा काचेचा स्कायवॉक सिडकोनं हाती घेतला. दरीवर उभं राहण्याची मौज मुलांना वाटेल, यात शंका नाही. मात्र खालच्या दरीत काय आहे, हे सांगायला तिथे माणूस असेल का, हा माझा प्रश्न आहे.

असा माणूस कुठे मिळतो, हे पायविहीरनं दाखवलं आहे. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या या गावानं 2006 च्या वनहक्क कायद्याखाली उजाड टेकड्यांवर सामूहिक हक्क मिळवला, चराई-तोड आवरली, झाडं लावली आणि राखली. त्या टेकड्यांवरची सीताफळं गावकरी स्वतः विकायला लागले. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. लहान मुलांना घेऊन फिरायला बफरमधल्या अशा टेकड्या मला गाभ्यातल्या फेरीपेक्षा जास्त योग्य वाटतात. पायी चालता येतं, हात लावता येतो, आणि सोबत चालणाऱ्या माणसाला प्रत्येक झाडाचा हिशेब माहीत असतो. वनविभागानं कोरकू तरुणांना सोबत घेऊन कुटुंबांसाठी अशा पायवाटा जास्त संख्येनं आणि कमी शुल्कात खुल्या कराव्यात. एका जिप्सीच्या खर्चात चार घरांची मुलं चालून येतील.

भावाची धाकटी लेक आता सात वर्षांची आहे. मार्चच्या अखेरीला तिला मोह वेचायला न्यायचं ठरलं आहे. मावशींची नात आता स्वतः आई आहे, तिच्याकडे निरोप गेला आहे. सेमाडोहच्या मुक्कामाचं आरक्षण करून ठेवलं. सकाळच्या जिप्सीचं केलेलं नाही.