ओढ्याच्या डोक्यावरून कालवा

यवतच्या दक्षिणेला भुलेश्वराची डोंगररांग आहे. तिथे पाऊस झाला की ओढे उत्तरेला, मुळा-मुठा आणि भीमेकडे धावतात. खडकवासल्याहून निघालेला जुना मुठा उजवा कालवा मात्र पूर्वेला, दौंड तालुक्यातल्या पाटसकडे जातो. म्हणजे दोघे एकमेकांना आडवे येणारच. ब्रिटिश अभियंते कर्नल फाइफ यांनी आखलेले खडकवासला धरण १८७९ मध्ये पुरे झाले. त्याच्या या सुमारे ११२ किलोमीटरच्या कालव्याला जागोजागी एकच प्रश्न पडला: वर कोण आणि खाली कोण?

कालव्याला उतार अगदी बेताचा असतो. उंची फुकट घालवली तर पुढची शेते पाण्याच्या वर राहतात. म्हणून ओढा किरकोळ असेल तर कालव्याच्या भरावाखालून मोरी काढतात. ओढ्याचाच तळ उंच असेल तर ओढा कालव्यावरून नेतात. आणि ओढा खोल, रुंद असेल तर कमानींवर दगडी पन्हळ बांधून तीतून कालवा पलीकडे काढतात. हा जलसेतू.

समजा, पन्हळ ३ मीटर रुंद आहे आणि पाणी दीड मीटर खोल. म्हणजे दर मीटर लांबीला साडेचार टन पाणी. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमान हा भार दाबाच्या रूपात खांबांकडे सरकवते. शिवाय पाण्याचा भार सगळीकडे सारखा आणि शांत असतो, बैलगाडीसारखा धक्के देत नाही. पन्हळीत म्हैस पोहत आली तरी पुलावरचे ओझे वाढत नाही, कारण ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. मला ही गोष्ट अजूनही गमतीची वाटते.

पन्हळ कालव्यापेक्षा अरुंद ठेवतात, म्हणजे कमानींचा खर्च वाचतो. पाणी तेवढे वेगाने जाते. मातीत त्याने काठ खाल्ले असते, दगडात चालते. त्या काळी सांधे चुन्याचे. घाण्यात मळलेल्या चुन्यात विटांची भुकटी मिसळली की तो ओलाव्यातही घट्ट होतो. बारीक भेग पडली तर झिरपणाऱ्या पाण्यात चुना विरघळतो, पुन्हा साका धरतो आणि कधीकधी भेग आपोआप भरून येते.

खरी दुखरी जागा मात्र दोन टोकांना असते, जिथे दगड संपून मातीचा भराव सुरू होतो. माती बसते, दगड बसत नाही. मधल्या फटीतून पाणी माती घेऊन पळू लागते. म्हणून तिथल्या भिंती दोन्ही बाजूंना पंखासारख्या पसरवून भरावात खोल घुसवतात. खालून ओढ्याचा पूर खांबांचे पाय उकरू पाहतो, त्यामुळे प्रवाहाकडची त्यांची बाजू टोकदार असते.

भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात चासकमान धरणाचा कालवा फार नंतर आला, काँक्रीटच्या जमान्यात. काँक्रीटमधली सळई ताण सोसते, म्हणून तिथे कमानीवाचून भागते.

कालव्याचे आवर्तन सुरू असताना जुन्या दगडी जलसेतूच्या कमानीखाली उभे राहून वर पाहा. पाणी झिरपते त्या सांध्यांवर चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात.