प्रत्येक जखम लगेच शिवायची नसते

दवाखान्यात जखमी माणूस आला, की सोबतच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, टाके किती पडतील?" टाके घातले नाहीत तर डॉक्टरला काही येत नाही, असा समज होतो. याबाबत लष्करी डॉक्टरांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी आपल्या सैन्याचे आग्र्याचे '६० पॅरा फील्ड हॉस्पिटल' विमानाने निघाले. ९९ जणांच्या या पथकाने इस्केन्देरून येथे ३० खाटांचे रुग्णालय उभे केले. सर्जन, एक्स-रे, व्हेंटिलेटर सारे सोबत होते. याच तुकडीने १९५० पासून कोरियाच्या युद्धातही जखमींवर शस्त्रक्रिया केल्या.

रणांगण असो वा ढिगारा, जखम चिरडलेली आणि मातीने भरलेली असते. अशा वेळी लष्करी सर्जनचा जुना नियम असा : मेलेले मांस काढायचे, जखम भरपूर धुवायची आणि न शिवता मलमपट्टी करायची. चार-पाच दिवसांनी ती स्वच्छ दिसली, तरच टाके. घाण आत ठेवून जखम बंद केली, की हवा पोहोचत नाही आणि तेथे धनुर्वाताचे व गॅस गँगरीनचे जंतू फोफावतात.

हे मी स्वतः चुकून शिकलो. तीस वर्षांपूर्वी गुऱ्हाळाच्या चरकात बोटे सापडलेला एक तरुण आला. नातेवाइकांच्या आग्रहाला बळी पडून मी लगेच टाके घातले. तिसऱ्या दिवशी हात सुजला, पू झाला. मिरजेला पाठवले, पण एक बोट गेलेच.

म्हणून वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.
• जखम स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, शेण, चुना, तंबाखू लावू नका.
• धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
• सुरीचा स्वच्छ काप लगेच शिवता येतो. चरक, मळणी यंत्र वा ट्रॅक्टरच्या जखमेला टाक्यांचा हट्ट धरू नका.
• हातपाय तासन् तास दबलेला माणूस सुटल्यावर बरा दिसला, तरी मोठ्या रुग्णालयात न्या. चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंड व हृदय बंद पडू शकते. लघवी काळसर होणे ही धोक्याची खूण.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला. तेव्हा हे तुर्कस्तानपुरते आहे, असे समजू नका.