चढाईपटू विकत घ्यावा की घडवावा? प्रो कबड्डीतलं कोटींचं गणित

रायगड जिल्हा म्हणजे कबड्डीचं घर. पनवेल, पेण, अलिबागच्या गावांतल्या मैदानांवर सामना रंगला, की प्रेक्षकांच्या तोंडी नाव असतं ते चढाईपटूचं. प्रो कबड्डीच्या लिलावातही सर्वात मोठ्या बोल्या बहुतेकदा चढाईपटूंवरच लागतात. पण महागडा चढाईपटू घेतला म्हणून संघ जिंकतो का?

2023 च्या लिलावात तेलगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती 5 कोटींची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एकाच खेळाडूवर गेले. पवनने चढाईत 200 हून अधिक गुण मिळवून आपलं काम केलं. तरीही टायटन्स 22 पैकी फक्त 2 सामने जिंकून तळाला राहिले.

याचं कारण खेळाच्या नियमातच आहे. पकड झालेला चढाईपटू बाद होऊन बाहेर बसतो. सहकाऱ्यांनी समोरचा एखादा गडी बाद केला, तरच आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. नुसत्या बोनस गुणाने तो येत नाही. त्यामुळे बाकीचे कच्चे असले, तर अडीच कोटींचा खेळाडू बाहेर बसून सामना बघत राहतो!

त्याच हंगामात पुणेरी पलटणने उलटा मार्ग धरला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते हे तिघंही नवोदित म्हणून पलटणकडे आले आणि तिथेच मोठे झाले. एक बाद झाला तर दुसरा तयार. पलटणने मोठी रक्कम खर्चली नाही असं नाही. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख दिले, पण तो मुख्यतः बचावपटू. चढाई घरची, बचावाचा खांब विकतचा. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं.

2022 मध्ये तमिळ थलायवाजचा अनुभव तर अपघातानेच आला. 2 कोटी 26 लाखांचा पवन पहिल्याच सामन्यात जखमी झाला. त्याची जागा भरून काढली नवख्या नरेंदरने, आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला.

मग सगळेच संघ खेळाडू का घडवत नाहीत? कारण घडवलेला खेळाडू हातातून निसटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने 2018 मध्ये 36 लाख 40 हजारांत घेतलं. त्याने पहिल्याच हंगामात चढाईचे 200 हून अधिक गुण मिळवले आणि पुढच्याच लिलावात तेलगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले. गंमत अशी, की त्या हंगामात टायटन्स 12 संघांत अकरावे आले आणि सिद्धार्थविना खेळलेली मुंबा उपांत्य फेरीत गेली.

खेळाडूच्या बाजूने मात्र हे निसटणं म्हणजे कमाईच, आणि ती त्याच्या हक्काची आहे. अवघ्या काही वर्षांचं करिअर, त्यात गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. पनवेलजवळच्या एखाद्या क्लबात मातीवर चढाया करणाऱ्या पोराला लिलावातल्या कोटींच्या यादीत लगेच जागा नसते. त्याच्यासाठी दार उघडतं ते नवोदितांना करारबद्ध करण्याच्या सोयीमुळे, आणि ते दार किती मोठं असेल हे संघ घडवण्यावर किती खर्च करतात यावर ठरतं.