तुमच्या लॅपटॉपची रिकामी रात्र दुसऱ्याच्या कामी येऊ शकते का?

रात्री बारानंतर तुमचा गेमिंग लॅपटॉप काय करतो? बहुतेक वेळा काहीच नाही. त्याच वेळी डोंबिवलीत कुणीतरी मंडळाच्या एलईडी स्क्रीनसाठी १५ सेकंदांचं थ्रीडी अॅनिमेशन बनवत जागं असतं. लॅपटॉप साधा, ग्राफिक्स कार्ड नाही आणि आगमन दोन दिवसांवर. तुमची पडून असलेली ताकद त्याला देता येईल का? येईल. पण काय देता येतं आणि काय नाही, हे आधी समजून घेऊ.

रेंडरला इतका वेळ का लागतो?

थ्रीडीमध्ये प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, कॉम्प्युटरला मोजून काढावी लागते. प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, सगळं. सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या तर १५ सेकंदांच्या ३६० फ्रेम्स होतात. एका फ्रेमला ५ मिनिटं लागली तर एकूण १८०० मिनिटं, म्हणजे सलग ३० तास.

यात एक सोय आहे. २०० वी फ्रेम काढायला १९९ वी पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. म्हणून त्याच वेगाच्या ३० मशीन्सवर फ्रेम्स वाटल्या तर रेंडरिंग साधारण तासाभरात संपतं. अपलोड आणि डाउनलोडचा वेळ वेगळा. अशा मशीन्सच्या समूहाला रेंडर फार्म म्हणतात.

भिशीसारखा हिशोब

ब्लेंडर हे थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा अॅनिमेशनपट यातच बनला आहे.

ब्लेंडरसाठी ‘शीपइट’ नावाचा मोफत रेंडर फार्म आहे. त्याची मशीन्स कुठल्या कंपनीची नाहीत, ती जगभरातल्या तुमच्या-माझ्यासारख्यांची आहेत. एक छोटं अॅप चालू ठेवायचं. ते दुसऱ्या कुणाची तरी फ्रेम आणतं, रेंडर करतं आणि परत पाठवतं. त्याबद्दल तुम्हाला गुण मिळतात. तुमचं काम टाकलं की ते गुण खर्च होतात आणि ज्याच्याकडे गुण जास्त, त्याच्या कामाला आधी नंबर. भिशीत आधी भरायचं, मग उचलायचं, तसंच हे. काम कुठवर आलंय ते लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनच्या ब्राउझरवरही दिसतं.

पास आणि मिक्सर

आता महत्त्वाचा भाग. टेलिग्रामवर ‘ग्रुप बाय’च्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील: महागड्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं एकच लॉगिन दहा जणांना, शंभर-दोनशे रुपयांत. ‘माझं सबस्क्रिप्शन रात्री रिकामंच असतं, दिलं तर काय बिघडलं?’ असं अनेकांना वाटतं.

घरचा मिक्सर शेजाऱ्याला देता येतो, कारण तो तुमच्या मालकीचा. पण कल्याण ते ठाणे रेल्वे पास रविवारी वापरत नाही म्हणून मित्राला देता येत नाही, तो तुमच्या नावावर असतो. तुमचा लॅपटॉप मिक्सरसारखा आहे, तर सबस्क्रिप्शन पाससारखं. तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेत नाही, एका माणसाने वापरायची परवानगी घेता. अडोबीचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन दोन कॉम्प्युटरवर चालतं, पण ते तुमच्या एकट्यासाठी.

नियम बाजूला ठेवले तरी धोका उरतोच. त्या लॉगिनचा खरा मालक दुसराच असतो. तुम्ही क्लाउडवर ठेवलेल्या लग्नाच्या फाइल्स इतर नऊ जणांनाही दिसू शकतात आणि अकाउंट बंद पडलं की काम त्यातच अडकतं. गिऱ्हाईकाला काय सांगणार?

ब्लेंडरचं लायसन्स म्हणजे जीपीएल. ते कितीही मशीन्सवर चालवायची आणि वाटायची मुभा देतं. शीपइट उभं राहू शकलं त्यामागे हे मोठं कारण आहे. सशुल्क सॉफ्टवेअरवर असा फार्म चालवायचा तर लायसन्सचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

सुरू करण्याआधी

वीज: रेंडरिंग करताना लॅपटॉप २०० वॅट घेत असेल तर रोज ६ तासांचे महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतरचा दर बराच चढतो. घरचा वापर ९० युनिट असेल तर त्यातले २६ युनिट महाग दराने पडतील. बिल आई-बाबा भरत असतील तर आधी त्यांना विचारा.

मर्यादा: अॅपमध्ये किती कोअर आणि किती रॅम द्यायची ते ठरवता येतं. सगळी देऊ नका. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. मोबाइल हॉटस्पॉटवर हे चालवू नका, डेटा पटकन संपेल.

गोपनीयता: तुमची फ्रेम रेंडर करायला तुमची फाइल अनोळखी मशीनवर जावीच लागते. स्वतःचं किंवा मंडळाचं काम ठीक. पण गिऱ्हाईकाचं प्रसिद्ध न झालेलं प्रॉडक्ट असेल तर त्याच्या परवानगीशिवाय पाठवू नका.

फाइलची तयारी: टेक्श्चर्स ब्लेंडर फाइलमध्येच पॅक करा, नाहीतर दुसऱ्याकडे वस्तू गुलाबी दिसतील. पाणी, धूर, कापड असलं सिम्युलेशन आधी बेक करा. त्यात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असते, म्हणून ते वाटता येत नाही. आणि आधी एक फ्रेम स्वतःच्या मशीनवर काढून बघा.

अनोळखी लोक नकोच असतील तर ‘फ्लेमेन्को’ बघा. हे ब्लेंडरवाल्यांचंच मोफत साधन आहे. ठाण्यातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओतले किंवा कॉलेजच्या लॅबमधले चार पीसी रात्री एकाच नेटवर्कवर जोडून त्याने आपला फार्म करता येतो. ते थेट इंटरनेटवर मात्र उघडं ठेवू नका.

गणपतीचं काम असेल तर आतापासूनच रोज रात्री दोन तास मशीन देऊन गुण जमवायला घ्या. आगमनाच्या आदल्या रात्री खातं उघडलं तर नंबर मागेच लागेल.