इंग्रजी शिकवणारी बेटे

मुलांनो, इंग्रजी शिकण्यासाठी परदेशी जायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंड किंवा अमेरिका येते. परंतु या देशांत राहण्याचा आणि शिकण्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही. म्हणून जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान येथील अनेक विद्यार्थी दुसरी वाट धरतात. ते इंग्रजी शिकायला फिलिपिन्सला जातात.

फिलिपिन्स हा आग्नेय आशियातील सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. मनिला ही त्याची राजधानी. तेथे शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. मग या बेटांवर इंग्रजी कशी पोहोचली? तेथे तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता होती. १८९८ मध्ये ती अमेरिकेकडे गेली. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला आले. जहाजाच्या नावावरून त्यांना 'थॉमसाइट' म्हणू लागले. त्यांनी ठिकठिकाणच्या शाळांत इंग्रजीतून शिकवले आणि स्थानिक शिक्षकही तयार केले. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. अमेरिकेची सत्ता गेली, पण इंग्रजी राहिली. १९८७ च्या राज्यघटनेनुसार फिलिपिनो ही तेथील राष्ट्रभाषा आहे. कारभाराच्या भाषा मात्र फिलिपिनो आणि इंग्रजी अशा दोन आहेत.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीच्या शाळा मुख्यतः सेबू, बागियो आणि मनिला या शहरांत आहेत. बागियो हे डोंगरावरील थंड हवेचे ठिकाण आहे. अनेक शाळांत राहण्याजेवणाची सोय असते. काही शाळांची शिस्त फार कडक असते. सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास चालतो, आवारात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता येत नाही आणि सुट्टीच्या दिवसाखेरीज बाहेरही जाता येत नाही.

या शाळांचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे एका विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक. दिवसातील काही तास अशा रीतीने शिकवले जाते. याचा उपयोग समजण्यासाठी एक सोपा हिशेब करा. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांचा तास सर्वांना बोलण्यासाठी सारखा वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येईल? फक्त पस्तीस सेकंद! समोर एकच विद्यार्थी असेल, तर त्याला गप्प बसताच येत नाही. तेथील पगार आणि राहणीचा खर्च इंग्लंड-अमेरिकेपेक्षा कमी आहे. म्हणूनच अशी शिकवणी तेथे परवडते.

कोणी विचारील, "ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, ते इंग्रजी काय शिकवणार?" प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तरही आहे. फिलिपिन्समधील शिक्षिका घरी टागालोग किंवा सेबुआनो बोलते. इंग्रजी ती शाळेत शिकलेली असते. टागालोग भाषेत मुळात 'फ' हा इंग्रजी उच्चार नव्हता. त्यामुळे तेथील कित्येकांच्या तोंडी 'फ' च्या जागी 'प' येतो. आपल्याकडे काही जण 'स्कूल' ला 'इस्कूल' म्हणतात. मराठीतील 'ळ' उच्चारताना उर्दू बोलणाऱ्या मुलांची जीभ अडखळते, तसेच हे आहे. जो स्वतः अडखळत शिकला, त्याला विद्यार्थी कोठे अडखळेल हे आधीच कळते. तो हसत नाही, वाट दाखवतो.

तरीही 'स्वस्त' हा शब्द ऐकून घाई करू नये. शुल्काबरोबर विमानाचे भाडे, राहणे, जेवण, व्हिसा, पुस्तके आणि वीज यांचा खर्च धरावा लागतो. यांतील काही रकमा तेथे पोहोचल्यावर वेगळ्या भराव्या लागतात. पर्यटक म्हणून गेलेल्यालाही असा अभ्यासक्रम करण्यासाठी तेथील सरकारचा विशेष अभ्यास परवाना लागतो. शाळेला परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता आहे किंवा नाही, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. आईवडिलांनी कष्टाने साठवलेले पैसे नुसत्या रंगीत माहितीपत्रकावर विश्वास ठेवून कोणाच्याही हाती देऊ नयेत.

भारतातील विद्यार्थी फिलिपिन्सला जातात, ते बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी. केवळ इंग्रजी बोलण्यासाठी एवढ्या दूर जाण्याची गरज आपल्यापैकी फार थोड्यांना पडेल. तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता. मराठी, हिंदी आणि इंग्रजी शिकता. एका जिभेवर इतक्या भाषा खेळवणे ही लहान गोष्ट नाही. उणीव असते ती बोलण्याच्या सरावाची. तो सराव एका मित्राबरोबरही करता येतो. रोज पंधरा मिनिटे दोघांनी समोरासमोर बसावे आणि फक्त इंग्रजीत बोलावे. चूक झाली तर दुसऱ्याने हसू नये, नीट करून सांगावे. त्या बेटांवरील शाळांची पद्धत हीच आहे, आणि तिला विमानाचे तिकीट लागत नाही.